लाल फडक्यातली गाठ

बुधवारी सकाळी नऊला सड्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. दोन एसट्या, सात-आठ टेम्पो, रिक्षा आणि मुंबईच्या नंबराच्या गाड्या त्या जांभ्याच्या उघड्या माळावर जमेल तशा लावलेल्या. मांडवात पाचशे तरी माणसं असतील आणि चाळीस-पन्नास कोंबड्या. प्रत्येक आजाऱ्याने आपल्या घरची एक गावठी कोंबडी आणायची, असा गाठीबुवाचा नियम होता. ब्रॉयलर चालत नसे. "विकतच्या जिवाला देव ओळखत नाही," असं तो म्हणे.

बुवा पैशाला हात लावत नसे, हेच त्याचं सगळ्यात मोठं प्रमाणपत्र. "एक कोंबडी घेतो बिचारा, तो खोटा कसा असेल?" असं मला चांगल्या शिकलेल्या माणसांनी ऐकवलंय. इतक्या कोंबड्यांचं पुढे काय होतं, ते हायवेवरच्या एका खानावळीला विचारा. आणि वार बुधवारच का? सोमवारी-गुरुवारी कोंबडी कापली असती तर आपलीच माणसं मांडवातून उठून गेली असती. बुवाला अंतर्ज्ञान असो नसो, वार बरोबर कळत होते.

तर बुवा आसनावर उभा राहिला. गळ्यात रुद्राक्ष, मनगटावर पावलं मोजणारं घड्याळ. गावचा मानकरी देवळात घालतो तसं त्याने गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा म्हाराजा."

"होय म्हाराजा," मांडव म्हणाला.

"आज ही लेकरं तुझ्या पायाशी आलीत म्हाराजा. कुणाला छातीची कुर्ली, कुणाला तोंडाची कुर्ली, कुणाला रक्ताची कुर्ली."

"होय म्हाराजा."

"डॉक्टर म्हणतात, कॅन्सरचे प्रकार दोनशे. मी म्हणतो, प्रकार एक. कर्क म्हणजे खेकडा, आपली कुर्ली, आणि कुर्लीला आठ पाय, दोन नांग्या. ती मांस धरून बसते. सुई लावलीत, ती पाय पसरते. सुरी लावलीत, ती पोरं सोडते. म्हणून सुई नाही, सुरी नाही. अख्खी ओढून काढायची आणि न बघता खाडीत सोडायची. बघाल तर परत येईल."

"होय म्हाराजा."

मी रांगेत बाराव्या नंबरावर बसले होते. मांडीवर काळी कोंबडी, उजव्या दंडावर लिंबाएवढी गाठ. समोर बुवाच्या डाव्या हाताला 'बरे झालेले' म्हणून चौदा माणसं खुर्च्यांवर बसवली होती. त्यांत गळ्यात झेंडूचा हार घालून माझी धाकटी बहीण गोदा बसली होती. मी तिथे बुवाचं भांडं फोडायला गेले नव्हते, फुटलं तर बरंच होतं. गोदाला उठवून ऑपरेशनच्या टेबलापर्यंत न्यायचं, एवढ्यासाठी गेले होते. आणि ती माझ्याकडे बघायलाही तयार नव्हती.

मी दमयंती. रत्नागिरीच्या एका मोठ्या रुग्णालयात पॅथॉलॉजीत तीस वर्षं टेक्निशियन आहे. माणसाच्या अंगातून काढलेला प्रत्येक तुकडा आमच्याकडे येतो. मी त्याला नंबर देते, फॉर्मॅलिनमध्ये बुडवते, मेणात बसवते, केसाहून बारीक कापते, रंगवते आणि काचेवर चढवते. मग आमचे डॉक्टर इद्रीस मुकादम मायक्रोस्कोपला डोळा लावतात आणि रोगाचं नाव सांगतात. मेडिकलची मुलं शिकायला येतात तेव्हा ते पहिल्या दिवशी एकच गोष्ट सांगतात. "पोरांनो, कॅन्सर हे नाव नाही, आडनाव आहे. नुसत्या आडनावावरून माणूस कळतो का? अस्तराच्या पेशींचा वेगळा, हाडा-स्नायूंचा वेगळा, रक्ताचा वेगळा. एक वर्षानुवर्षं जागचा हलत नाही, दुसरा चार महिन्यांत सगळं घर व्यापतो. आधी नाव विचारा, मग औषधाचं बोला."

गोदा माझ्याहून सात वर्षांनी लहान. आई लवकर गेली, तेव्हापासून तिच्या वेण्या मीच घातल्या. तिला रत्नागिरीपासून तासाभरावरच्या गावात दिलेली. मार्गशीर्षात ती बाजाराला आली होती, माझ्याकडे चहा पीत बसली आणि सहज म्हणाली, "आक्का, हितं छातीला काय तरी लागतंय गो. सुपारीयेवढं. पन दुखत नाय."

सगळ्या बायका हे 'दुखत नाय' समाधानाने सांगतात. अगं बायांनो, न दुखणारी गाठच आधी दाखवायची असते. मी तिला तशीच उठवली, सर्जनना दाखवलं, सुईने तुकडा काढून घेतला. तो तुकडा मी कुणाच्या हातात दिला नाही, मीच कापला, मीच रंगवला. डॉक्टर इद्रीस बराच वेळ बघत होते. ते एवढा वेळ घेतात तेव्हा काय असतं, ते मला माहीत आहे.

"दमयंतीताई, आहे," ते म्हणाले. "आणि घाईतला प्रकार आहे. पण लवकर सापडलाय, काखेत काही लागत नाही. महिन्याभरात ऑपरेशन करा, पुढची औषधं घ्या. चांगली आशा आहे."

रिपोर्ट न्यायला गोदाचा नवरा आला, आप्पा. आंब्याच्या चाळीस कलमांचा धनी, पण तो कागद हातात घेऊन आमच्या पायरीवर बसला. मग म्हणाला, "आक्का, तिला सांगू नका. ती भीतीनंच मरंल. साधी गाठ हाय म्हनून सांगा."

आपल्याकडे हे रोज चालतं. कागद नवऱ्याच्या खिशात, नाव मुलाच्या कानात, आणि जिच्या अंगात रोग ती बाई सोडून सगळ्या वाडीला माहीत. मी तीस वर्षं हे बघत आले, त्यावर चिडत आले. आणि माझ्या बहिणीची पाळी आली तेव्हा मी म्हणाले, "बरं."

गोदाला सांगितलं, "साधी गाठ आहे गो. काढून टाकू, म्हणजे कटकट नको."

"साधी हाय तर काढायची कशाला?" गोदा म्हणाली.

याचं उत्तर तुमच्याकडे आहे का बघा. साध्या गाठीसाठी छातीवर सुरी कोण लावून घेईल?

पुढच्या आठवड्यात आप्पाचा फोन आला. मुलगा विनीत गोदाला मुंबईला घेऊन गेलाय, मोठ्या हॉस्पिटलात उपचार सुरू झालेत. मग दर पंधरा दिवसांनी, "चाललंय आक्का, डॉक्टर चांगले हायेत." गोदा फोनवर चार शब्द बोलून ठेवून द्यायची. मी म्हटलं, औषधांनी थकली असेल. रिपोर्ट पाठव, असं मी एकदाही म्हणाले नाही. मला ते खरं वाटायला हवं होतं, म्हणून खरं वाटलं.

वैशाखात एका गुरुवारी सकाळी गोदा लॅबच्या दारात उभी. वाळली होती, पण चेहऱ्यावर हसू मावत नव्हतं. पिशवीतून तिने एक करवंटी काढली, वर लाल फडकं घट्ट बांधलेलं.

"आक्का, काढली. सुरी नाय, टाका नाय. काल निघाली, फ्रीजात ठेवलेली रात्रभर. बुवा म्हनाले, न बघता खाडीत सोड. पन मी म्हटलं, माजी आक्का जल्मभर सांगत आली, अंगातून निघालेलं काय फेकायचं नसतं, आधी तपासायचं. तुज्यासाठी ठेवली गो. निघाली तवा गरम व्हती. माज्या अंगाची ऊब व्हती तिला."

मुंबई नव्हती, उपचार नव्हते, काहीच नव्हतं. पाच महिने दर बुधवारी सड्यावरचा मांडव होता.

पण खोटं कशाला सांगू? ती करवंटी हातात घेताना क्षणभर माझ्याही मनात आलं की असेल. निघाली असेल. देवा, माझी तीस वर्षांची अक्कल चुकीची ठरू दे, असं मी मनातल्या मनात म्हटलं. माणूस मूर्ख असतो म्हणून फसतो असं नाही. त्याला काहीतरी फार हवं असतं, तिथेच तो फसतो.

तिला बाहेर बसवलं आणि फडकं सोडलं. आत राखेत आणि बिब्ब्याच्या तेलात घोळवलेला काळा गोळा, वर सुकलेलं रक्त. नळाखाली धरला. सुरी घातली तर आतून किर्र आवाज आला. घरी कोंबडी साफ केलेली कुठलीही बाई तो आवाज ओळखेल. कोंबडीला दात नसतात. ती खडे गिळते आणि पोटातल्या एका जाड मांसल पिशवीत त्या खड्यांवर दाणे दळते. ती पिशवी होती ती. आत जांभ्याच्या खड्यांची लाल खर आणि भाताची दोन टरफलं. माझ्या बहिणीच्या छातीतून निघालेल्या गाठीत भाताची टरफलं.

तरी मी तुकडा घेतला, नंबर दिला, दोन दिवसांनी काच तयार केली. नियम तो नियम. डॉक्टर इद्रीसनी एकदा बघितलं आणि म्हणाले, "हे माणसाचं नाही."

त्याच गुरुवारी मी गोदाला आत घेऊन पदर बाजूला करायला लावला. बिब्ब्याने भाजून कातडी काळी पडलेली, मध्ये ब्लेडचा ताजा टोचा. आणि खाली गाठ जागच्या जागी. सुपारी राहिली नव्हती, मुठीत मावेना एवढी झाली होती. काखेत आणखी दोन लागल्या. बुवाची रीत मला तेव्हा कळली. आधी बिब्ब्याने भाजायचं, आणि दुखायला लागलं की म्हणायचं, कुर्लीचे पाय सुटतायत. गोदाची कंबरही महिनाभर दुखत होती. तेही बुवाने पायांच्याच खात्यात घातलं होतं.

"गोदे, यात कोंबडीचं मांस आहे. तुझी गाठ आत आहे तशीच आहे. आजच्या आज सर्जनकडे चल."

गोदाचं हसू हळूहळू गेलं. पण ती रडली नाही, चिडलीही नाही. तिने विचारलं, "आक्का, मला क्यान्सर हाय, ह्ये तुला मार्गशीर्षात म्हाईत व्हतं?"

मी तिचा पदर सारखा केला.

"बुवानं माजा हात हातात धरलान आनि सांगितलंन, बाय, तुला क्यान्सर हाय, घाबरू नको. पयल्यांदा कुनीतरी मला खरं सांगितलंन. तू सांगितलंस साधी गाठ. आप्पा बोलले साधी गाठ. माजा विनीत फोनवर बोलला, आये, साधी गाठ. तुमी सगळी खोटं बोललात आनि तो येकटा खरं बोलला. आता तुज्या काचंवर मी इस्वास कसा ठेवू?"

आप्पानेच बुवाच्या चेल्याला कानात सांगून ठेवलं होतं, म्हणून बुवाला कळलं होतं. पण ते आता सांगून काय उपयोग? गोदा उठली, फडकं राहिलं तसंच टाकून निघून गेली. ज्या बाईला फसवायला पाचशे माणसांचा मांडव लागला असं मी समजत होते, तिला त्या मांडवापर्यंत मी माझ्या हाताने पोचवली होती. 'साधी गाठ' या दोन शब्दांनी.

म्हणून मी त्या बुधवारी रांगेत होते. माझं सांगणं ती ऐकणार नव्हती. तिच्या डोळ्यांना दिसेल असं काहीतरी हवं होतं.

बुवाचं काम बघा कसं चालायचं. आजारी माणूस आपली कोंबडी चेल्याच्या हातात देई. चेला ती 'देवाला दाखवायला' पडद्यामागे नेई. तासाभराने नंबर लागला की बुवा पितळेची लोटी आतून सगळ्यांना दाखवायचा, रिकामी. दुखऱ्या जागेवर ब्लेडने बारीक टोचा मारायचा, कापूर पेटवून लोटी उपडी बसवायचा. आतली हवा जळली की कातडी लोटीत ओढली जाते, माणसाला वाटतं खरंच काहीतरी उपटलं जातंय. मग चेला पुढे होऊन लोटीवर लाल फडकं टाकायचा. बुवा फडक्यासकट लोटी उचलायचा, आणि लोटीत काळा, रक्ताळलेला, गरम गोळा. तो फडक्यातून येत होता. अंगातून काहीच येत नव्हतं.

माझा नंबर आला. मी दंड पुढे केला. ही चरबीची गाठ माझ्या दंडावर वीस वर्षं आहे, तिने माझं आजवर काही वाकडं केलेलं नाही. बुवाने तिच्यावरून हात फिरवला आणि डोळे मिटले.

"बाय, मोठी कुर्ली आहे. अजून महिना गेला असता तर हात गेला असता."

"होय म्हाराजा," मीच म्हणाले.

लोटी बसली, फडकं पडलं, गोळा निघाला. मांडवाने हात जोडले. चेल्याने गोळा करवंटीत घालून, फडकं बांधून माझ्या हातात दिला. मी तिथेच फडकं सोडायला घेतलं.

"उघडू नकोस," बुवा गरजला. "परत येईल."

"येऊ दे. वीस वर्षं सांभाळलीय, आणखी वीस सांभाळीन."

पिशवीतून मी माझी कामाची सुरी काढली. पहिल्या ओळीत गावचे पोलीस पाटील दादू बसले होते. त्यांच्या हातात डॉक्टर इद्रीसनी सकाळीच एक बंद पाकीट दिलेलं होतं. मी गोळा बुवाच्या पाटावर ठेवला आणि उभा चिरला. किर्र झालं. पुढच्या चार बायकांनी एकमेकींकडे पाहिलं.

आतून भात, लाल खर आणि निळे काचेचे मणी बाहेर आले. मी एकेक मणी मोजून पाटावर ठेवला. सात.

"दादू, पाकीट उघडा आणि वाचा."

दादूंनी चष्मा लावून वाचलं. "दमयंतीबाईंच्या काळ्या कोंबडीला काल संध्याकाळी रत्नागिरीच्या राम आळीतून आणलेले सात निळे मणी भातातून चारले आहेत. बाईंच्या दंडातून निघणाऱ्या गाठीत ते सापडतील."

बुवा चाचरला, पण गप्प बसेल तर बुवा कसला. "ही कुर्लीची अंडी आहेत," तो म्हणाला.

रांगेत मासळी विकणारी ताजबी बसली होती, गालात फोड घेऊन. ती म्हणाली, "चाळीस वर्सं कुर्ल्या विकतेय मी. कुर्लीच्या अंड्यांची लाख केशरी असते. निळी काचेची कदी झाली?"

मांडव हसला, पण थोडाच वेळ. मी दंड वर करून दाखवला. गाठ जागेवर होती. मग मांडवात मागे बसलेले डॉक्टर इद्रीस पुढे आले आणि त्या चौदा खुर्च्यांपाशी गेले. मानेला गाठ असलेल्या ओमकारला त्यांनी विचारलं, तर तो सरकारी दवाखान्यातून टीबीच्या गोळ्या घेत होता. गाठ गोळ्यांनी बसली होती, श्रेय बुवाने घेतलं होतं. दीपाली नावाच्या पोरीच्या छातीतली गोटीसारखी सरकणारी गाठ तपासली गेली होती, ती कॅन्सर नव्हतीच. एकाला चरबीची, एकाला नुसतं केसतूड. "ज्यांच्याकडे तुकडा तपासून कॅन्सर असल्याचा कागद होता, असे तुमच्यात कोण आहेत?" डॉक्टरनी विचारलं.

चौदांत एकच हात वर झाला. गोदाचा.

"बाकीचे कागदवाले कुठे आहेत?" डॉक्टर मांडवाला म्हणाले. "बुवा, रक्ताचा कॅन्सरही तुम्ही ओढून काढता म्हणे. रक्ताच्या कॅन्सरात ओढायला गाठ कुठे असते?"

मागून एक माणूस उभा राहिला. "माझा पोरगा होता," तो म्हणाला. "रक्ताचा होता. गाठ काढलीनी ह्यांनी. शिमग्यात गेला." एवढं बोलून तो परत खाली बसला.

पुढे दादूंनी फोन लावला, पोलीस आले, जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा दाखल झाला, पडद्यामागे एका टोपात मानगुटी मोडलेल्या सोळा कोंबड्या सापडल्या. ते सगळं पेपरात आलं. पेपरात जे नाही आलं ते सांगते. गोदाने गळ्यातला हार काढून खुर्चीवर ठेवला, पाटाजवळ आली आणि ते उघडलेलं मांस बघत राहिली.

"म्हंजे माजी ती गाठ, माज्या तांबड्या कोंबडीची," ती म्हणाली. "त्या सकाळी मीच तिला भात टाकला व्हता. ऊब तिची व्हती."

मग माझा हात धरून म्हणाली, "चल आक्का."

मी जिंकले होते म्हणा. मांडवातून गोदा माझ्याबरोबर उठून आली. दोन दिवसांत तपासण्या झाल्या, आणि ती कंबर का दुखत होती ते फिल्मवर दिसलं. रोग पाठीच्या मणक्यांत उतरला होता, यकृतात होता. सर्जन म्हणाले, आता ऑपरेशनचा उपयोग नाही. ज्या टेबलावर मी तिला न्यायला गेले होते, त्या टेबलाची वेळ निघून गेली होती.

आप्पा परत म्हणाला, "आक्का, तिला सांगू नका." या वेळी मी ऐकलं नाही. तिच्याजवळ बसले, सगळं सांगितलं, नाव सांगितलं, कुठे गेलाय ते सांगितलं, किती दिवस ते माहीत नाही हेही सांगितलं. तिने सगळं नीट ऐकून घेतलं. मध्ये मध्ये प्रश्न विचारले. इतके नेमके प्रश्न विचारणारी बाई मी भित्री ठरवली होती. "औषधांनी वाढतील तेवढे दिवस वाढव," ती म्हणाली. "विनीतचं लगीन बघायचं हाय." औषधं दिली, वेदना कमी ठेवल्या, विनीतचं लग्न लवकर उरकलं. लग्नात ती खुर्चीवर बसून होती, हिरव्या साडीत.

शेवटच्या महिन्यात एकदा म्हणाली, "माजी काच दाखव मला." मी लॅबमधला जुना मायक्रोस्कोप घरी नेला. तिची मार्गशीर्षातली काच लावली. ती वाकून बरीच मिनिटं बघत होती. आत गुलाबीत जांभळे ठिपके, ओळ मोडून दाटीवाटीने बसलेले.

"रंग चांगले हायेत गो. लुगड्याच्या काठासारके," ती म्हणाली. मग डोळा न काढता म्हणाली, "ह्ये तू मला तवाच दाखवलं असतंस तर मी आले असते, आक्का."

दिवाळी तिने पाहिली. मार्गशीर्ष पाहिला नाही.

त्या दोन काचा माझ्याकडे आहेत. मेडिकलची मुलं पहिल्या प्रॅक्टिकलला येतात तेव्हा डॉक्टर इद्रीस त्या दोन्ही फिरवतात. एक माझ्या बहिणीची, एक तिच्या तांबडीची. मुलं हुशार असतात, लगेच ओळखतात. पहिलीला प्रकाराचं लांबलचक नाव सांगतात, दुसरीला म्हणतात, हे माणसाचं नाही. मागच्या वर्षी शमिका नावाच्या मुलीने विचारलं, "दमयंतीबाई, या पेशंट कशाने गेल्या?" मृत्यूच्या दाखल्यावर पहिल्या काचेचं नाव आहे. मी तिला म्हटलं, कागदावर तेच लिहायचं असतं. पण गोदाला आधी मी खोटं सांगितलं, म्हणून ती दुसऱ्या काचेकडे गेली. हे कुठल्याच काचेवर दिसत नाही.

तेव्हा हे वाचणाऱ्यांना माझं हात जोडून सांगणं आहे. गाठ दुखत नाही म्हणून गप्प बसू नका. सुईने तुकडा घेतला म्हणून कॅन्सर पसरत नाही. सुई न लावता बसलात तर तो बसल्या जागी वाढतो. ज्याच्याकडे सगळ्या रोगांवर एकच इलाज आहे, त्याला तुमचा रोग कळलेला नाही. कुणी बरं झालं असं सांगितलं तर आधी विचारा, त्याला होतं काय आणि ते कुणी तपासलं? निघालेली गाठ उघडून बघा. जे उघडून बघायची बंदी असते ते आधी उघडा. आणि डॉक्टर होणाऱ्या पोरांनो, आजारी माणसाला त्याच्या रोगाचं नाव तुम्ही सांगा. तुम्ही नाही सांगितलंत तर ते सांगायला कुणीतरी बुवा बसलेलाच आहे, आणि ज्याने पहिल्यांदा खरं सांगितलं त्याच्या मागून माणूस कुठेही जातो.

गेल्या सोमवारी खेडची एक बाई आली होती, अक्षया. पस्तिशीची असेल. नवरा रिपोर्ट घ्यायला खिडकीशी आला, कागद वाचला, चेहरा पडला, आणि मान आत घालून हळूच म्हणाला, "बाई, तिला सांगू नका हं."

मी कागद त्याच्या हातातून परत घेतला. अक्षयाला आत बोलावलं, डॉक्टर इद्रीसच्या समोर खुर्चीवर बसवलं आणि दोघांनी मिळून तिला सगळं सांगितलं. प्रकाराचं नाव सांगितलं, किती मोठा आहे ते सांगितलं, काच दाखवली. ती खूप रडली. मी तिला पाणी दिलं आणि पाठीवर हात ठेवून बसले. थोड्या वेळाने तिने पदराने डोळे पुसले आणि विचारलं, "ऑपरेशन कधी करायचं?"